गॅसकोलेटर: गाळणी, गाळपात्र की आणखी काही?

अनुवादिका: हौशी विमानबांधणीवरील एका पुस्तिकेचा अनुवाद करताना 'गॅसकोलेटर' या शब्दापाशी अडले आहे. इंधनमार्गाच्या सर्वांत खालच्या जागी बसवलेल्या या लहान भांड्यात बारीक जाळी असते आणि बुडाशी झडप असते. मी 'इंधनगाळणी' असे लिहिले होते. तपासनीसांनी ते अपुरे ठरवले. दुसरा शब्द सुचवावा.

विहंगम: तपासनीसांचे म्हणणे रास्त आहे. जाळी कचरा अडवते, परंतु पाणी वेगळे होते ते जडपणामुळे. विमानाचे पेट्रोल लिटरमागे सुमारे 0.72 किलो भरते आणि पाणी 1 किलो, त्यामुळे प्रवाह मंदावला की पाणी बुडाशी बसते. या क्रियेला आपण निवळणे म्हणतो. 'निवळपात्र' म्हणावे.

धातुपाठी: निवळते ते वरचे, आणि झडपेतून सोडायचे ते खालचे, तेव्हा हे नाव उलट्या बाजूने ठेवल्यासारखे होते. 'गाळ' आणि 'गाळणे' एकाच कुळातले आहेत, आणि 'गाळलेल्या जागा भरा' यात तर गाळणे म्हणजे वगळणे. अडवणे, साचणे, वगळणे हे सारे 'गाळपात्र' या एका शब्दात येते.

पानापक्कड: स्पॅनर हातात असलेला माणूस गॅसकोलेटरच म्हणणार. कार्बुरेटर चालतो, मग याच्यावरच शुद्धीचा संस्कार कशासाठी? मला धास्ती आहे ती 'ड्रेन'ची. उड्डाणापूर्वी 'इंधनाचा निचरा करा' असे छापले, तर नवखा वाचक टाकी रिकामी करील. तेथे झडप दाबून पारदर्शक पेल्यात थोडा नमुना घ्यायचा असतो. पेल्यात निव्वळ पाणीच आले, तर दोन थरांमधली रेघ दिसत नाही आणि ते स्वच्छ इंधन वाटते. म्हणून 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलचा निळा रंग आहे की नाही, हे पाहावेच लागते.

धातुपाठी: निचरा नको असलेल्याचाच होतो, त्यामुळे 'पाण्याचा निचरा' बिनचूक आहे. चूक 'इंधनाचा' या षष्ठीची आहे.

पानापक्कड: पाणी आहे की नाही हेच ठाऊक नसताना त्याची षष्ठी कोठून आणणार? 'नमुना काढा' म्हणा.

अनुवादिका: हे पटले, तसा बदल करते. पण भांड्याचे नाव?

विहंगम: त्याआधी आपली व्याख्या तपासा. शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून उभे असते, त्यामुळे तेव्हाची सर्वांत खालची जागा आणि सरळ उड्डाणातली जागा एकच असेल असे नाही. पंख खाली असलेल्या विमानात तर टाक्याच गॅसकोलेटरच्या खाली असू शकतात, म्हणून त्यांना स्वतंत्र झडपा लागतात.

धातुपाठी: मग माझे 'गाळपात्र' टाक्यांनाही लागू पडेल.

पानापक्कड: म्हणूनच ते नको.