इलेक्ट्रिक स्टीमर घ्यावा का? गणपतीच्या आत ठरवायचंय

मुग्धा_ठाणे:
नमनाला घडाभर तेल नको, थेट विचारते. इलेक्ट्रिक फूड स्टीमर घरात खरंच कोणी नियमित वापरतं का, की चार दिवस कौतुक आणि मग माळ्यावर? आमच्याकडे सासऱ्यांना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय, दिवसा सासू-सासरे दोघंच घरी असतात आणि सासूबाई गॅसवर काही वाफवायला ठेवलं की सिरीयलच्या नादात विसरतात. मध्यंतरी मोदकपात्रातलं पाणी पूर्ण आटून बूड काळंठिक्कर पडलं, नशीब मी तेवढ्यात घरी पोचले. म्हणून टायमरवालं आणि आपोआप बंद होणारं काहीतरी हवंय.

दुकानात तीन प्रकार बघितले. एक तीन मजली प्लास्टिकचा, ८०० वॅट. दुसरा दोन मजली स्टीलचा, काचेचं झाकण, तो १००० वॅट आणि किंमत जवळजवळ दुप्पट. तिसरा छोटा, मुळात अंडी उकडायचा, ४०० वॅट, पण दुकानदार म्हणाला "मॅडम यात सगळं होतं". गौरी-गणपतीला नैवेद्याचे २१ मोदक लागतात, ते होतील का नीट? एरवी अळूवडी, कोथिंबीर वडी, मुलांना मक्याचं कणीस, रताळी असलंच. प्लास्टिक तापल्याचं काही होतं का? आणि साध्या प्लगवर चालतो ना, आमच्या ओट्यावर १५ अँपियरचा एकच पॉइंट आहे आणि तो मायक्रोवेव्हने अडवलाय.

विदुला_म:
मुग्धा, मी गेली काही वर्षं तीन मजलीच वापरतेय, आता गॅसवरचं मोदकपात्र फक्त भाचीच्या लग्नात मागून नेलं होतं तेवढंच. मोदक होतात, छान होतात, पण मोदकपात्रासारखं डोळे मिटून ठेवून दिले असं चालत नाही.

पहिली गोष्ट, झाकण. दुकानात हातात घेऊन बघ. सपाट झाकण असेल तर वाफेचं पाणी मधोमध जमून टपटप पडतं आणि नेमकं मोदकाच्या शेंड्यावर, वरची पारी चिकट होऊन कळ्या बसतात, इतकं मन लावून काढलेलं टोक बोथट होतं. घुमटासारखं झाकण असेल तर पाणी कडेने ओघळतं. घुमट नसेल तर झाकणाला आतून पातळ सुती पंचा बांधायचा आणि टोकं वर गाठ मारून ठेवायची, आपल्या आयांनी मोदकपात्राला केलं तेच.

दुसरं कोणी सांगत नाही ते म्हणजे वरच्या मजल्याच्या बुडाखालूनही पाणी ठिबकतं. म्हणजे तीन मजले लावलेस तर खालच्या दोन मजल्यांतल्या मोदकांना वरच्यांचं पाणी. त्यासाठी मी वरच्या टोपल्यांत केळीच्या पानाचे तुकडे घालते, थेंब पानावर अडतो. पण पान अख्खं अंथरायचं नाही, भोकं झाकली की वाफ वर जाणारच कशी, कडेला बोटभर जागा मोकळी ठेवायची. हळदीचं पान मिळालं तर त्याच्या पट्ट्या, घरभर वास सुटतो तो वेगळाच. मोदक ठेवताना बुडाकडून पाण्यात बुडवून ठेव म्हणजे चिकटत नाही.

आणि थंड स्टीमरमध्ये मोदक ठेवून टायमर लावायचा नाही. आधी पाणी उकळून वाफ भकाभक यायला लागू दे, मग टोपल्या चढव, मग १२ मिनिटं. तळाचा मजला आधी होतो, सगळ्यात वरचा मागे राहतो, त्याला तीन-चार मिनिटं जास्त दे. पारीला चकाकी आली आणि ओल्या बोटाला चिकटली नाही की झालं. २१ चं म्हणशील तर टोपली आतून २० सेंटिमीटर असेल तर मध्ये एक आणि भोवती सहा असे सात आरामात बसतात, तीन मजले म्हणजे बरोब्बर २१, बाप्पाचीच योजना म्हणायची. फक्त टोपलीची उंची बघून घे, मोठा मोदक हातभर नाकाचा केलास तर वरच्या टोपलीला टेकतो.

उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या शेवटच्या घाण्याला टाक, जिरं मिरची घालून. सासऱ्यांना नाष्ट्याला एक थेंब तेल न लागता.

माळा_फुल्ल:
माझं मत घेऊ नका असंच लोक म्हणतील पण तरी. इडलीपात्र आहे, कुकर आहे, शिट्टी काढली की कुकरचा स्टीमर होतो, इंडक्शन असेल तर त्यालाही टायमर असतो. मग अजून एक डबा कशाला? आमच्याकडे सँडविच मेकर, पॉपकॉर्नचं मशीन आणि रोटी मेकर एकमेकांना धरून माळ्यावर बसलेत.

विदुला_म:
@माळा_फुल्ल, इंडक्शनचा टायमर ठीक आहे पण कुकरची शिट्टी काढून ढोकळा लावायचा, वेळ बघायची, गरम कुकर उतरवायचा हे पंचाहत्तरीच्या बाईला सांगा बरं. रोटी मेकरबद्दल मात्र अनुमोदन.

तिसरी_पिन:
मी या धंद्यातला, घरगुती उपकरणं दुरुस्त करतो, म्हणून वॅटचं सांगतो. लोक मजले मोजतात, मोजायचा असतो वॅट. हीटर जेवढा तेवढीच वाफ, त्यात जादू नाही. ८०० वॅटचा हीटर एकदा पाणी उकळलं की मिनिटाला जास्तीत जास्त वीसेक ग्रॅम पाण्याची वाफ करणार, म्हणजे तासाला सव्वा लिटरच्या आसपास. ४०० वाला त्याच्या निम्मी. चार अंडी, दोन रताळी याला ती पुरते, पण त्यावर दोन मजले मोदकांचे चढवले तर वाफ वर पोचेपर्यंत थंड होऊन पाणी होते आणि मोदक शिजायच्या ऐवजी भिजतात. तुमचा दुकानदार "सगळं होतं" म्हणाला ते खोटं नाही, पण कधी होतं ते त्याने सांगितलं नाही. तीन मजल्यांना ८०० च्या खाली जाऊ नका.

प्लगचं. ८०० वॅट म्हणजे साडेतीन अँपियर, १००० म्हणजे साडेचारच्या आत. तीन पिनांचा साधा ५-६ अँपियरचा पॉइंट चालतो, अर्थिंग असलेला पाहिजे आणि थेट भिंतीत लावा. एकाच मल्टिप्लगमध्ये स्टीमर, मिक्सर आणि किटली असं करून सॉकेट काळं झालेलं मी आठवड्याला बघतो. इन्व्हर्टरवर लावू नका. बिलाची काळजी करू नका, रोज अर्धा तास चालवला तरी महिन्याला १२ युनिट.

तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय तर पाणी संपल्यावर स्वतः बंद होणं. टायमर आहे म्हणजे ते आहेच असं समजू नका, दोन्ही वेगळी कामं. टायमर ४० मिनिटांवर ठेवला आणि पाणी २० मिनिटांचंच असलं तर? बॉक्सवर कोरडं पडल्यावर बंद होण्याचा उल्लेख आहे का वाचा, आणि आयएसआयची खूण बघा. घरी आणल्यावर एकदा मुद्दाम बोटभर पाणी घालून स्वतः समोर उभं राहून बंद होतोय का तपासा, आणि नाही झाला तर सरळ परत द्या.

टायमर फिरवायचा घ्या, टच बटणं ओल्या बोटांनी चालत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांना ती दिसतही नाहीत. एक मात्र आहे, फिरवायचा टायमर बऱ्याचदा स्प्रिंगचा असतो, लाईट गेली तरी तो आपला चालूच राहतो. दहा मिनिटं लाईट गेली तर टिंग वाजेल पण आतले मोदक कच्चे. तेवढं सासूबाईंना सांगून ठेवा.

आणि हो, वरच्या कपाटाखाली ठेवून चालवू नका. वाफ रोज त्याच जागी लागली की प्लायवूड फुगतो, लॅमिनेट सुटतं, मग सुतार बोलवा. चिमणीखाली किंवा खिडकीजवळ ठेवा.

बर्फातला_मोदक:
जर्मनीतून +१. इथे आमच्याकडे गॅसच नाही, काचेची सपाट शेगडी, तिच्यावर मोदकपात्राचं गोल बूड बसतच नाही त्यामुळे स्टीमरला पर्याय नव्हता. थंडीत इडलीचं पीठ फुगतं की नाही हा वेगळा धागा होईल.

माझा मुद्दा पाण्याचा. इथलं पाणी प्रचंड जड, थोड्याच दिवसांत हीटरच्या प्लेटवर पांढरा खडखडीत थर बसतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर तेच होणार. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो आणि ते कोरडं पडल्यावर बंद होणंही बिघडू शकतं कारण सेन्सर त्या थराखाली गाडला जातो. उपाय म्हणजे पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं घालून कोमट करायचं, तासभर ठेवायचं, ओतून द्यायचं, मग नुसत्या पाण्याने एकदा वाफ काढायची. सायट्रिक ॲसिड वापरत असाल (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच) तर गार पाण्यातच वापरा, उकळू नका, उकळलं की कॅल्शियम सायट्रेटचा अजून चिवट थर बसतो. प्लेट तारेने घासायची नाही. आरओचं पाणी घातलं तर ही सगळी भानगड खूप कमी होते.

पातोळी:
गोव्याहून. आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात हळदीच्या पानांतल्या पातोळ्या होतात त्या मी स्टीमरमध्येच करते, पानं लांब असतात म्हणून लंबगोल टोपलीचा घेतला, गोल टोपलीत पानं दुमडावी लागतात आणि दुमडलं तिथे सारण बाहेर येतं. घेणार असाल तर हे पण बघा. अळूवडीच्या लांब गुंडाळ्यांनाही लंबगोलच सोयीचा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात, सुरी घालून बघायची, कोरडी बाहेर आली पाहिजे.

आणि नुस्तें खाणारे असाल तर पापलेट केळीच्या पानात बांधून सगळ्यात खालच्या मजल्यावर, वर भाजी. उलट केलं तर भाजीला माशाचं पाणी. खाली जी ठिबक साठवायची ताटली असते तिच्यातला रस फेकू नका, आमटीत घाला.

मुग्धा_ठाणे:
बापरे, किती माहिती! खरंच धन्यवाद सगळ्यांना. वीस ग्रॅमचं गणित ऐकून ४०० वाला बाद. @माळा_फुल्ल तुमचंही पटतं पण आमचा माळा तुमच्याइतका फुल्ल नाहीये अजून :)

आता दोनच शंका. एक, प्लास्टिक. दोन, धाकट्याला जिमवाल्यांनी अंडी खायला सांगितलीत आणि सासूबाई मोदकाच्या भांड्यात अंडं शिजलेलं कल्पनेतही चालवून घेणार नाहीत.

तिसरी_पिन:
टोपली उलटी करून बुडावर त्रिकोणातला आकडा बघा. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते शंभर डिग्रीच्या वाफेला आरामात टिकतं, मऊ पडायलाही त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. काचेसारखं एकदम पारदर्शक आणि कडक असेल आणि आकडा ७ असेल तर ते पॉलिकार्बोनेट असू शकतं, बीपीए या प्लास्टिकमधल्या रसायनाची जी चर्चा ऐकतो ती त्याचीच. आकडाच नसेल तर घेऊ नका. मनातून शंका जातच नसेल तर स्टीलचा घ्या, दोन मजल्यांत मोदकांचे दोन घाणे होतील एवढंच. स्टीलच्या टोपल्यांचे कान तापतात, जुनं फडकं हाताशी ठेवा. झाकण उचलताना आधी पलीकडची बाजू उचला म्हणजे वाफ तुमच्यापासून लांब जाते, वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट.

विदुला_म:
प्लास्टिकला हळद लागली की पिवळी ती कायमची, एवढं मनाची तयारी ठेवून घे. कोथिंबीर वडीचं मिश्रण मी थेट टोपलीत थापत नाही, स्टीलच्या थाळीत थापून थाळी आत ठेवते, कडेने वाफेला वाट ठेवून. ढोकळाही तसाच. कडधान्य, डाळ मात्र यात शिजवायच्या फंदात पडू नकोस, कुकर तो कुकर. भात होतो पण अर्धा-पाऊण तास लागतो.

अंड्यांचं सोपं आहे. आमच्याकडे सासूबाईंच्याच हुकुमाने १ नंबरची टोपली अंड्यांची, तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, ती वेगळ्या खणात. पण खालचं पाण्याचं भांडं एकच असतं, ते त्यांना चालतंय का आधी विचार. नसेल चालत तर तुझा तो ४०० वॅटचा छोटा अंड्यांसाठी वेगळा घेऊन टाक, तसाही स्वस्तच आहे.

माळा_फुल्ल:
म्हणजे आता दोन घेणार?

मुग्धा_ठाणे:
विचारलं. टोपली वेगळी असली तरी पाण्याचं भांडं एक म्हणजे नाहीच चालणार म्हणाल्या. त्यामुळे हो, दोन. मोठा लंबगोल तीन मजली ८०० चा, घुमटाच्या झाकणाचा, बुडावर ५ आकडा बघून. शनिवारी जातेय, बॉक्स दुकानातच उघडायला लावणार आहे.

पातोळी:
टोपली आतून मोजायला पट्टी ने बरोबर. बॉक्सवर लिहिलेलं माप बाहेरचं असतं. आणि लंबगोलात रुंदी पण मोज, मोदक दोन ओळींत बसतात की नाही ते त्यावर.