सिंगापूर: बसटूर की पायी?

आईबाबांना चायनाटाउन, लिटल इंडिया आणि कांपोंग ग्लाम एका दिवसात दाखवायचंय, तर बसटूर घ्यावी का, असं विचारलंय. माझ्या मते बस नको, पायी फिरवणारा गाइड घ्या. तिन्ही वस्त्यांना मेट्रोची डाउनटाउन लाइन जाते (कांपोंग ग्लामसाठी बुगिसला उतरायचं). बसवाले फोटोपुरतं उतरवतात आणि मग हमखास एखाद्या दुकानात नेऊन बसवतात.

गाइड खरा हवा तो कांपोंग ग्लाममधल्या सुलतान मशिदीपाशी. सोनेरी घुमटाखाली एक काळपट पट्टा दिसतो, तो चक्क काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे! ही इमारत १९३२ साली पूर्ण झाली. गरिबांचाही हातभार लागावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या होत्या. कुणी बोट दाखवल्याशिवाय लक्षातही येत नाही. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका, नमाज असते.

चायनाटाउनमध्ये साउथ ब्रिज रोडवर १८२७ मध्ये स्थापन झालेलं मारिअम्मनचं देऊळ आहे, जवळच जामे मशीद. देवळात अनवाणी जायचं, उन्हात पाय पोळतात, तेव्हा ते सकाळीच उरका. जेवायला लिटल इंडियात सेरंगून रोडवरचं कोमला विलास, १९४७ पासूनचं, शुद्ध शाकाहारी. आईबाबा खूश होतील.