घडी विस्कटलेल्या वर्षातला वाढदिवस : तुमचे अनुभव

नोकरी सुटते, घर बदलतं, माणूस जातं, लग्न मोडतं. वाढदिवस आपला ठरल्या तारखेला येऊन दारात उभा. वर लोक विचारतात, "मग, यंदा काय विशेष?" यंदा जे विशेष असतं ते सांगण्यासारखं नसतं. अशा वर्षी तुम्ही काय केलंत? साजरा केलात, टाळलात, की दुसऱ्यांनीच उरकला? काय घडलं तेवढं लिहा. 'पॉझिटिव्ह राहा' छापाचे सल्ले नकोत, ते घरी फुकट मिळतात.

माझं थोडक्यात : कंपनीनं नारळ दिला त्याच आठवड्यात तिचं आपोआप जाणारं शुभेच्छापत्र माझ्या खासगी ईमेलवर आलं. 'आपण आमच्या परिवाराचा अविभाज्य घटक आहात.' बायको हसून हसून दमली. मला हसायला संध्याकाळ झाली.

*

निवृत्त गुरुजी, पाटण तालुका

आमच्या पिढीत खेड्यातल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनलाच. शाळा जूनमध्ये भरायची, बापाला तारीख ठाऊक नसायची, गुरुजी पोराकडं बघून वय ठरवायचे आणि रजिस्टरला १ जून टाकायचे. माझी नोंद १ जून १९६७ ची. आई मात्र सांगायची, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू पोटात होतास, पुढं शिवरात्रीच्या तोंडावर झालास. भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. म्हणजे मी खरा १९६८ चा.

पुढं मीही जिल्हा परिषदेत गुरुजी झालो आणि बघता बघता अठ्ठावन्न आलं. नियमानं, ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्याच्या अखेरीस माणूस घरी जातो. पण जन्म एक तारखेचा असला, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. त्यामुळं १ जूनवाले सगळे ३१ मेला एकदम बाहेर. आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी! मग निरोप समारंभ १ मेच्या झेंडावंदनानंतर, निकाल वाटून झाल्यावर उरकला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. शेवटच्या दिवशी मी घरीच होतो, आंबे उतरवत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून डी.एड.च्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात शुभेच्छांचा पूर. जो तो शुभेच्छा देतोय आणि जो तो आभार मानतोय. एकानं लिहिलं, "एकाच दिवशी जन्मलेले आणि एकाच दिवशी मोकळे झालेले." लेकीनं केक आणला, कापला. पण मला काहीच वाटलं नाही, ती तारीख माझी कधी नव्हतीच.

वाटलं ते यंदा फेब्रुवारीत. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी हिनं पुरण घातलं. म्हणाली, "अहो, उद्या उपास आहे, आज खाऊन घ्या. आज झालात अठ्ठावन्न." तेव्हा घास जरा अडकला. हिशेबानं नऊ महिन्यांचा पगार बुडाला म्हणायचा; पण त्याच तारखेनं मला शाळेत लवकर बसवलं होतं, तक्रार करणार कुणाकडं?

*

लातूरकडचा, पूर्वी पुण्याच्या पेठांत

गुरुजी, तुमची तारीख तुम्हाला घरी बसवते, आमची दारातच अडवते. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८. मी मार्चमधला आणि २०२१ च्या मार्चमध्ये अडतीस पूर्ण होणार होते. हातात फक्त १४ मार्चची पूर्वपरीक्षा होती. ती तीन दिवस आधी पुढं ढकलली. त्या दुपारी शास्त्री रस्त्यावर पोरं बसली, मीही बसलो. शेवटी २१ मार्च ही तारीख मिळाली, आणि माझा वाढदिवस नेमका मधल्या दिवसांत.

अभ्यासिकेतल्या पोरांनी रात्री खालच्या बेकरीतून अर्धा किलोचा केक आणला. क्रीमनं लिहिलं होतं, 'एजबार दादा'. बेकरीवाल्यानं म्हणे दोनदा विचारलं, नाव हेच का? मेणबत्ती नव्हती, मोबाईलचा टॉर्च लावला. अर्ध्या तासात सगळे परत खुर्चीत, कारण चालू घडामोडी राहिल्या होत्या. परीक्षा गेली. आता गावाकडं कृषी सेवा केंद्र आहे. केक आणणाऱ्यांपैकी एक अधिकारी झाला. फोन करून युरियाचा भाव विचारतो, त्याच्या वडिलांसाठी.

*

म्युनिक

नुकतीच इथं आले होते, घरात गादी आणि कुकर एवढंच. ऑफिसात सहज म्हटलं, उद्या माझा वाढदिवस, तर शेजारच्यानं घाईनं विषयच बदलला. नंतर कळलं, इथं आगाऊ शुभेच्छा देणं अशुभ मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानंच आणायचा! तिकडं भारतात रात्रीचे बारा वाजल्याबरोबर आईचा फोन, तेव्हा इथं आदल्या दिवशीचे साडेआठ. म्हणजे अपशकुन घरूनच झाला. तुर्की दुकानातून रवा आणला, शिरा केला, ताटात थापला, वड्या पाडून नेला. 'इंडियन केक' म्हणून दहा मिनिटांत साफ.

*

शिरोळ तालुका

बाबा पौषात गेले, माझा वाढदिवस चैत्रात. वर्षाच्या आत काही करायचं नाही हे सगळ्यांनी धरलंच होतं. मलाही केकबिक नको होता. प्रश्न ओवाळण्याचा होता. दरवर्षी आईच ओवाळते. आता कुंकवाचं तबक तिनं हातात घ्यायचं की नाही?

हेरवाड आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांसाठी परिपत्रक काढलं. आमच्याकडंही टाळ्या वाजल्या. पण घरात ठराव मांडायचा कुणी? आत्या म्हणाली, "वहिनी, यंदा राहू दे. काकू ओवाळेल." काकूनं तबक भरलं : निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू आणि बाबांची अंगठी. भरून झाल्यावर सरळ आईच्या हातात दिलं. "आक्का, माझ्या गुडघ्यांनी उभं राहवत नाही, तुम्हीच ओवाळा." काकू रोज उसाच्या रानात जाते, तिच्या गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही! आईचं बोट कुंकवापाशी थांबलं, तशी मीच कपाळ पुढं केलं. आत्या आतल्या खोलीत निघून गेली. जेवायला मात्र आली.

*

नाशिकहून

तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

*

ठाणे

संमतीनं घटस्फोट. कन्सेंट टर्म्समध्ये मुलाचा वाढदिवस नीट वाटून दिलेला : दुपारी दोनपर्यंत माझ्याकडे, नंतर त्याच्या बाबांकडे, पुढच्या वर्षी उलट. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, सगळं कलमवार. माझा वाढदिवस अर्थातच कुठल्या कलमात नव्हता, आणि तो आला नेमका मुलगा तिकडे असण्याच्या शनिवारी.

दिवसभर कपाट आवरलं. रात्री फोन वाजला, सासूबाई. माजी म्हणायला जीभ वळत नाही. "आई, बोला," म्हटलं. त्या म्हणाल्या, "जेवलीस का? काय केलंस?" मी मॅगी सांगितलं. "वाढदिवसाला मॅगी?" एवढंच बोलून फोन ठेवला. रविवारी संध्याकाळी मुलगा परत आला तो दप्तरात स्टीलचा डबा घेऊन, आत ओल्या नारळाच्या करंज्या. आता डबा काही रिकामा परत करायचा नसतो. पुढच्या शनिवारी मी त्यात बेसनाचे लाडू भरून पाठवले. तेव्हापासून तो डबा दोन्ही घरांत फिरतोय. वकीलबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही.