मुंबई-गोवा 425 किमी, मग विमानाला सव्वा तास कसा काय?

डोंबिवलीकर_पश्या
डिसेंबरात मडगावला मावसबहिणीचं लग्न आहे, आईबाबांना विमानाने न्यायचं डोक्यात आहे. नेटवर हवाई अंतर 425 किमी दाखवतंय, विमान 800-850 च्या स्पीडने जातं म्हणजे अर्ध्या तासात पोचायला हवं ना, मग तिकिटावर सव्वा तास का? आणि दुसऱ्या साइटवर तेच अंतर 385 आहे, खरं कुठलं मानायचं? बाबा म्हणतात गप ट्रेनने चला.

खिडकीवाला
दोन्ही खरी आहेत रे. गोव्यात विमानतळ दोन, 425 दाबोळीचं, 385 मोपाचं. मोपा जानेवारी 2023 ला सुरू झालं, ते पार उत्तरेला पेडण्यात, म्हणून मुंबईला जवळ. तिकीट काढताना नुसतं गोवा बघू नको, कोड बघ, जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा.

आता वेळेचं. तिकिटावरचा टाइम गेटपासून गेटपर्यंतचा असतो, हवेतला नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, मग निघायला रांग आणि परत येताना वर घिरट्या. शिवाय 10 हजार फुटांच्या खाली साधारण 250 नॉटची (म्हणजे ताशी 460 किमीच्या आसपास) मर्यादा असते, आणि एवढ्याशा अंतरात विमान वर चढतंय न चढतंय तोच उतरायला लागतं, 850 चा स्पीड काही मिनिटंच मिळतो. हवेत पाऊण-एक तास धर, बाकी सगळं जमिनीवर.

मालवणी_झील
आमका सावंतवाडीकारांका मोपाच बरा, बांद्यावरसून लगेच घराक. पण तुमका मडगावाक जावचा हा, मोपावरसून 60-65 किलोमीटर टॅक्सी करतलास, त्यापेक्षा दाबोळी घ्या, 25 च्या आसपास पडतला.

मीनल_ठाणे
दाबोळी नौदलाचा तळ आहे, आठवड्यातल्या दिवशी सकाळचे काही तास त्यांच्या सरावाला राखीव असतात, म्हणून तिथे सकाळची फ्लाइट शोधत बसलास तर पर्याय कमीच.

डोंबिवलीकर_पश्या
अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. मग मोपा घेऊन टॅक्सी केली तर एकूण किती वेळ जाईल?

मीनल_ठाणे
डोंबिवलीहून एअरपोर्ट दीड-दोन तास, तिथे दोन तास आधी, सव्वा तास विमान, बॅगा अर्धा तास, पुढे टॅक्सी दीड तास. झाले सात तास. सीएसएमटी-मडगाव वंदे भारत पावसाळा सोडून पावणेआठ तासांच्या आसपास घेते, तुम्ही ठाण्याला चढणार म्हणजे अजून कमी, आणि मडगावात थेट गावातच उतरता. तेव्हा बाबांचं ऐक. फक्त ती शुक्रवारी नसते आणि डिसेंबरची तिकिटं बुकिंग उघडल्या उघडल्या काढावी लागतात, लग्नाची तारीख काय आहे?