सोसायटीच्या खतहौदाला वास आणि अळ्या, काय करू?

कोथरूडची काकू: मावशी रोज घरोघरचा ओला कचरा गोळा करून पार्किंगमागच्या हौदात टाकतात. श्रावण लागल्यापासून आंबूस वास, तळाला काळं पाणी, वर गुबगुबीत अळ्या! तळमजल्यावरचे आजोबा हौद पाडायलाच निघालेत.

मातीमित्र: काकू, अळ्या मारू नका. बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतील. त्या चावत नाहीत, खरकटं फस्त करतात. खरी भानगड पाण्याची. आमटी-ताक निथळूनच बादलीत टाकायला सांगा. जेवढा ओला कचरा, निदान तेवढाच सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). आठवड्यातून दोनदा फावड्यानं खालीवर करा, हवा खेळली की वास जातो.

कोथरूडची काकू: भर पावसात सुका पाला कुठून आणू हो?

गच्चीवाली: सुताराकडचा भुसा चालेल, प्लायवूडचा नको. पाल्याच्या गोण्या मार्चमध्येच भरून ठेवायच्या.

नियमवाला: आवार ५,००० चौरस मीटरच्या वर असेल, तर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असं २०१६च्या घनकचरा नियमांत होतं. आजोबांना दाखवायला सध्याचे नियम बघून घ्या.

कोथरूडची काकू: एवढं कुठलं आवार! भुसा आणते उद्याच. आजोबांच्या गुलाबांना पहिलं खत कबूल केलंय, तेव्हा जरा नरमलेत.