नळी नुसती दिव्याखाली धरून का भागत नाही

परभणीच्या एका सरांनी विचारलंय, डीएनएच्या दुरुस्तीचा अभ्यास करायचा तर अतिनील दिव्याखाली डीएनए धरला की नुकसान होतंच, मग नुकसान झालेला डीएनए रसायनांतून बनवण्याचा (संश्लेषणाचा) खटाटोप कशाला? होतं हो, पण कुठं होतं ते आपल्या हातात नसतं. एका जागी सायक्लोब्युटेन डायमर (शेजारचे दोन बेस दोन बंधांनी चिकटतात), दुसरीकडं ६-४ उत्पादन (तसेच दोन बेस एकाच बंधानं, वेगळ्या तऱ्हेनं जुळतात). असल्या खिचडीवर दुरुस्तीचं एन्झाइम सोडलं तर ते नेमकं कशाला धरतंय हे कळणार कसं?

म्हणून थायमिनचा (डीएनएतला 'टी' बेस) डायमर आधीच बनवून, त्याचा फॉस्फोरामिडाइट (साखळीत जोडता येईल असं रूप) करून, सिंथेसायझरमध्ये (डीएनएची साखळी बनवणारं यंत्र) हव्या त्याच जागी बसवतात. रसायनशास्त्रज्ञ टेलर यांच्या गटानं १९८७ मध्ये हे करून दाखवलं. ६-४ मात्र लई नाजूक प्रकरण: गरम अल्कलीत साखळी तिथंच तुटते, त्यामुळं संश्लेषणात बेस झाकून ठेवणारे संरक्षक गट शेवटी सौम्यपणेच काढावे लागतात.

आपल्याकडच्या कॉलेजात सिंथेसायझर बहुधा नसतोच. मग छोटा तुकडा विकत मागवा, ज्यात एकच टीटी (शेजारी-शेजारी दोन थायमिन) असेल आणि दुसरीकडं कुठंही दोन पायरिमिडीन (टी किंवा सी बेस) शेजारी नसतील. दिवा द्या, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) वेगळं करा. २५४ नॅनोमीटरला बनलेले डायमर मोडतातही; एसीटोन घालून ३०० च्या वरचा प्रकाश वापरलात तर मुख्यतः डायमरच मिळतो.