‘दुःख’ म्हणजे ‘शोषण’ का?

खानापूरहून प्रश्न : बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर भाषण केले. ‘दुःख’ या शब्दाच्या जागी ‘शोषण’ वाचले तर बुद्ध मार्क्सपासून फार दूर राहत नाहीत, असा त्यातला एक मुद्दा आहे. मग हे दोन शब्द समानार्थी धरावेत काय?

निपाणीहून उत्तर : धरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पालीतील ‘दुक्ख’ फार व्यापक आहे. जरा, व्याधी, मरण, प्रियजनांचा वियोग हे सारे त्यात येते आणि सगळी पिळवणूक थांबली तरी त्यातले पुष्कळ उरणारच. बाबासाहेबांनी दोन विचारांमधला दुवा दाखवला. त्याला कोशातला अर्थ समजणे बरोबर नाही.

‘शोषण’ हा शब्द ‘शुष्’ म्हणजे सुकणे या धातूपासून आला आहे; ‘घशाला शोष पडला’ यातला शोष तोच. बुद्धांनी दुःखाचे कारण म्हणून सांगितलेल्या ‘तण्हा’ म्हणजे तृष्णेचाही मूळ अर्थ तहान. एकाची तहान आणि दुसऱ्याच्या घशाला कोरड, अशी जोडी जुळते खरी, पण मार्क्सचे म्हणणे तिच्यात मावत नाही. आमच्याकडे बिडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते, तेंदूपान कातरीने बेतून हजार बिड्या पुऱ्या करते आणि त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात, ज्यांची मजुरीही मिळत नाही आणि ज्या परतही मिळत नाहीत. यात बौद्ध विचाराला लोभ दिसेल, आणि तो आहेच. मार्क्सच्या मते मात्र मालकाने एकही छाट काढली नाही तरी मजुरीहून जास्त मूल्य ती बाई निर्माण करते आणि ते वरकड मूल्य त्याच्याकडेच जाते. स्पर्धेत टिकायचे तर त्याला ते घ्यावेच लागते. म्हणून मार्क्ससाठी मी ‘पिळवणूक’ लिहितो. चरकाला लोभ नसतो, तरी ऊस पिळला जातोच.

खानापूर : म्हणजे बुद्धांनी सारे कारण मनातच शोधले, असे म्हणायचे का?

निपाणी : तसेही नाही. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातले चक्कवत्तिसीहनाद सुत्त, म्हणजे प्रवचन, पाहावे. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून ‘दालिद्दिय’, म्हणजे दारिद्र्य, वाढले आणि त्यातून चोरी, शस्त्रे व हत्या वाढत गेल्या, असा क्रम तिथे स्पष्ट दिला आहे. मार्क्सशेजारी ठेवायचा पाली शब्द निवडायचा झाला, तर मी ‘दुक्ख’ सोडून हा ‘दालिद्दिय’ निवडेन.